पाणबुड्याचे घड्याळ : जुने रूप आणि खरे वय

घड्याळ या शब्दाच्या पोटात पाणी आहे. घड्याळात घडी, घडीत घटिका आणि घटिकेत घट. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. अशा ६० घटिका मिळून एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा घंगाळात घटिकापात्र सोडून बसत आणि वाटी बुडण्याकडे सगळ्या मांडवाचे लक्ष लागलेले असे. पाणी आत शिरणे हीच त्या यंत्राची चाल होती.

मनगटी घड्याळाच्या बाबतीत हे नाते पार उलटले. तिथे पाणी हा शत्रू ठरला आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी विसाव्या शतकातल्या कारागिरांनी जी खटपट केली तिचे सर्वांत ठळक फळ म्हणजे पाणबुड्याचे घड्याळ, ज्याला बाजारात ‘डायव्हर’ म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या घड्याळाची एक नवी जात फोफावली आहे. मशीन आजचे, पण रूप १९५० ते १९८० या काळातले. आकार मोठा, तबकडी काळी, अंकांऐवजी जाड ठिपके, काचेभोवती फिरते कडे. लाँजीनने २००७ मध्ये आपले साठच्या दशकातले ‘लेजंड डायव्हर’ नव्याने काढले, ट्यूडरने २०१२ मध्ये ‘ब्लॅक बे’ आणले, ओरिसने २०१५ मध्ये ‘डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह’. सीकोने आपल्या जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्यांची रांगच लावली. आता ही घड्याळे नागपूरच्या दुकानांतच काय, भंडारा-साकोलीकडच्या नोकरदार तरुणांच्या मनगटावरही दिसतात.

या घड्याळांवर जे लिहिले जाते ते बहुतेक जाहिरातीच्या भाषेत असते. ती भाषा बाजूला ठेवून आपल्या मुलुखातल्या माणसाने यांची पारख कशी करावी, हे या लेखात पाहायचे आहे. लाखनीपासून दोन्ही समुद्रकिनारे शेकडो किलोमीटर दूर आहेत. पण इथे पाण्याची वाण नाही. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, ढिवरांचे डोंगे आणि जाळी, शिंगाड्यासाठी तासन्‌तास पाण्यात उभी राहणारी माणसे, चार महिने चिखलात चालणारी धानाची शेती. पाण्याशी इतका रोजचा संबंध असलेल्या मुलुखात ‘पाण्यात चालणारे घड्याळ’ या शब्दांचा अर्थ तपासून पाहणे वावगे ठरू नये.

आकार मोठा का

१९५० च्या सुमारास पुरुषांचे मनगटी घड्याळ साधारण ३४ ते ३६ मिलीमीटर रुंद असे. आपल्याकडचे एचएमटीचे ‘जनता’ किंवा फेवर ल्यूबाचे ‘सी किंग’ डोळ्यांसमोर आणा, तोच आकार. १९५३ मध्ये ब्लँपांने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांच्या मागणीवरून जे घड्याळ केले ते मात्र ४२ मिलीमीटरच्या आसपास होते. त्याचे नाव ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते तो एक वाव. कोकणचे दर्यावर्दी खोली याच मापाने सांगत. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच वर्षी रोलेक्सचे ‘सबमरीनर’ही आकाराला आले. दहा वर्षांपूर्वी, १९४३ मध्ये, कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाठीवरच्या हवेच्या टाकीने श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले होते. माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला, आणि त्याबरोबर त्याला वेळेचा हिशेब ठेवणे भाग पडले. टाकीतली हवा मोजकी असते. शिवाय खोलवर जास्त वेळ राहिले तर रक्तात मुरलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि जीवावर बेततो.

या गरजेतून आकार वाढला. दाब सोसायला केसच्या भिंती जाड हव्यात, काच जाड हवी. गढूळ पाण्यात दिसायला काटे आणि खुणा ठसठशीत हव्यात. काचेभोवती फिरते कडे बसवायला जागा हवी. आणि हे सगळे रबरी पोशाखाच्या बाहीवरून बांधायचे, म्हणून पट्टा लांब हवा. म्हणजे या घड्याळाच्या प्रत्येक मिलीमीटरला एक कारण होते. पारख करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : हा मोठेपणा कशासाठी आहे? केसला ४६ मिलीमीटरपर्यंत फुगवून आत लहानसे मशीन आणि बारीक काटे बसवले असतील, तर तो मोठेपणा नुसता देखाव्याचा.

आपल्याकडे या देखाव्याला वेगळा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. १९६१ मध्ये बंगळुरात सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीचे उत्पादन सुरू झाले आणि साधे, आटोपशीर, चावीचे घड्याळ हे देशाचे घड्याळ झाले. मोठे, जड, पोलादी घड्याळ मात्र बाहेरून येई. कधी आखातात कामाला गेलेल्या माणसाच्या मनगटावर, कधी चोरट्या मार्गाने. त्यामुळे मोठे घड्याळ म्हणजे बाहेरचे आणि बाहेरचे म्हणजे भारी, हे समीकरण मनात बसले. आजच्या जाहिराती या जुन्या समीकरणावर जगतात, हे गिऱ्हाइकाने ओळखून असावे.

फिरते कडे म्हणजे घटिका

या घड्याळाचे खरे वैशिष्ट्य त्याचे कडे आहे. त्यावर शून्य ते साठ मिनिटांच्या खुणा असतात. पाण्यात उतरताना शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे झाली. वजाबाकी नको, आठवण नको. चांगल्या घड्याळात हे कडे एकाच दिशेला फिरते. चुकून धक्का लागून ते सरकले तर झालेला वेळ आहे त्याहून जास्तच दिसावा, कमी कधीच दिसू नये, अशी ती योजना आहे. माणूस दोन मिनिटे आधी वर आला तर काही बिघडत नाही. दोन मिनिटे उशिरा आला तर बिघडते. एका साध्या कड्यात इतका विचार भरलेला आहे.

तत्त्वाने पाहिले तर हे कडे घटिकापात्राचा वारस आहे. ‘किती वाजले’ या प्रश्नाशी दोघांनाही कर्तव्य नाही. ‘सुरुवात केल्यापासून किती वेळ झाला’ एवढेच दोघे सांगतात. गावातला बहुतेक वेळही असाच मोजला जातो. मोटारपंपाची पाळी, कालव्याचे पाणी आपल्या बांधीत येण्याची पाळी, चुलीवरचा भात, सलाईनची बाटली, परीक्षेचा पेपर. म्हणून मी या कड्याला पहिल्या पाच मिनिटांतच तपासतो. ओल्या आणि मातीने माखलेल्या बोटांनी ते फिरते का? थांबल्यावर ढिले राहते का? शून्याची खूण मिनिटाच्या खुणेवर नेमकी बसते का? जुन्या रूपाची अनेक महागडी घड्याळे इथे नापास होतात. जुन्या छायाचित्रासारखे दिसावे म्हणून त्यांचे कडे इतके पातळ आणि कडेला इतके गुळगुळीत ठेवलेले असते की साबणाच्या हाताने ते हलत नाही. रूप राखले आणि काम गमावले, असा हा प्रकार आहे.

२०० मीटर म्हणजे काय

तबकडीवर लिहिलेल्या आकड्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसेल. आपल्याकडे विहिरीची खोली परसात सांगायची रीत होती. माणसाने हात वर केला की जी उंची होते ती एक परस. सहा-सात परस पाणी म्हणजे विहीर भरलेली. आमच्याकडचे बहुतेक तलाव त्याहूनही उथळ. मग मनगटावरचे २०० मीटर कुणासाठी?

छंद म्हणून पाण्याखाली उतरणाऱ्यांची प्राथमिक परवान्याची मर्यादा १८ मीटर आणि जास्तीत जास्त मर्यादा ४० मीटर मानली जाते. तारकर्लीला किंवा मालवणला समुद्राखाली जाऊन येणारा पर्यटक यातल्या पहिल्या काही मीटरांतच असतो. हवेच्या टाकीसह माणूस आजवर सर्वांत खोल गेला तो ३३२ मीटर. २०१४ मध्ये इजिप्तच्या अहमद गब्र यांनी तांबड्या समुद्रात हा विक्रम केला. म्हणजे २०० हा आकडा तुम्ही आम्ही गाठण्याची खोली सांगत नाही. ते नव्या घड्याळाच्या अंगातल्या ताकदीचे माप आहे.

ही ताकद तपासण्याचे दोन आंतरराष्ट्रीय नियम आहेत. साध्या ‘वॉटर रेझिस्ट’ घड्याळांना आयएसओ २२८१० लागू होतो, त्यात नमुन्यादाखल काही घड्याळे तपासली तरी चालते. पाणबुड्याच्या घड्याळांचा नियम आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ स्वतंत्रपणे तपासावे लागते, तेही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली. किमान १०० मीटरची क्षमता हवी. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यायला हवी. घड्याळ चालू आहे हे दाखवणारी खूण अंधारातही दिसायला हवी. म्हणून सेकंदकाट्यावर चमकणारा ठिपका असतो. हे सगळे पार केले तरच तबकडीवर ‘डायव्हर्स’ हा शब्द लिहायचा. नुसते ‘२०० मीटर वॉटर रेझिस्ट’ आणि ‘डायव्हर्स २०० मीटर’ यांत हा फरक आहे, आणि दुकानदार तो क्वचितच सांगतो. साध्या घड्याळावरचे ‘३० मीटर’ तर हात धुणे आणि पावसाचे शिंतोडे यांपुरतेच समजावे.

तरीही हा आकडा कायमचा नसतो. पाणी अडवण्याचे काम रबराच्या बारीक कड्या करतात. एक मागच्या झाकणाखाली, एक काचेखाली, एक-दोन चावीच्या दांड्यावर. रबर म्हातारे होते. घाम, साबण, ऊन यांनी ते कडक होते, तडकते. उन्हातून आलेले तापलेले घड्याळ एकदम गार पाण्यात घातले की आतली हवा आक्रसते आणि कमजोर जागेतून पाणी ओढले जाते. शिवाय सेल बदलायला किंवा दुरुस्तीला मागचे झाकण एकदा उघडले की कारखान्यातली तपासणी संपली. ते पुन्हा बंद करताना कडी नवी घालून, दाबयंत्रावर तपासून दिली तर आकडा पुन्हा खरा. तालुक्याच्या ठिकाणी हे यंत्र सहसा नसते. तेव्हा ग्रामीण भागातल्या गिऱ्हाइकाने घड्याळ घेण्याआधी किमतीइतकीच एक गोष्ट विचारावी : हे उघडल्यावर पुन्हा बंद कोण करणार, आणि तपासून देणार का? याचे उत्तर नसेल तर तबकडीवरचे २०० मीटर हे दोन-चार वर्षांचे पाहुणे आहेत असे धरून चालावे.

मनगटावर

पारख कागदावर पुरी होत नाही. म्हणून यंदा मृगापासून दसऱ्यापर्यंत एक मोठे, जुन्या वळणाचे घड्याळ रोज वापरून पाहिले. निवड केली सीकोच्या ‘टर्टल’ची, म्हणजे कासवाची. हे टोपणनाव त्याच्या केसवरून पडले. वरून पाहिले तर ती कासवाच्या पाठीसारखी फुगीर आणि कडांना गोल आहे. मूळ घड्याळ सीकोचे ६३०९, १९७६ ते १९८८ या काळात निघालेले. जगभर खऱ्या पाणबुड्यांनी ते वापरले आणि झिजवले. त्याची नवी आवृत्ती २०१६ च्या सुमारास बाजारात आली, तिच्यात ४आर३६ हे मशीन आहे.

रुंदी सुमारे ४५ मिलीमीटर, जाडी साडेतेराच्या आसपास. आकडे ऐकून वाटते की हे पैलवानाचे घड्याळ. माझे मनगट साडेसहा इंचांचे, म्हणजे बारीकच. तरी ते बसले, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घड्याळ मनगटावर बसते की नाही हे रुंदीपेक्षा लांबीवर ठरते. पट्टा अडकवण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त झाले की घड्याळ दोन्हीकडून लोंबते. कासवाची ही लांबी ४८ मिलीमीटरच्या आत आहे, कारण त्याची टोके आखूड आणि खाली वळलेली आहेत. ४२ मिलीमीटरची, पण लांब सरळ टोकांची कितीतरी घड्याळे बारीक मनगटावर याहून वाईट बसतात. चावीही तीनच्या जागी नसून चारच्या जागी आहे, त्यामुळे हात मागे वाकवला, सायकलचे हँडल धरले किंवा जमिनीवर हात टेकून उठले तरी ती तळहाताच्या मुळाशी रुतत नाही.

गैरसोयी आहेत. पूर्ण बाहीच्या सदऱ्याचे बटण त्यावरून लागत नाही. रबरी पट्ट्याखाली घाम साचतो, आणि विदर्भातल्या भादव्याच्या उन्हात तो दिवसातून दोनदा धुवावा लागतो. वजन पहिले आठ दिवस जाणवते. पण रोवणीच्या दिवसांत बांधीतून बाहेर येऊन ते नळाखाली जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासून धुता येते, आणि हे करताना जीव खालीवर होत नाही, ही लहान गोष्ट नाही. चावी पेचाची आहे. ती पूर्ण आवळलेली आहे ना, एवढे मात्र पाहायचे. कड्याचे दाते खोल आहेत, चिखलाच्या बोटांनीही ते फिरते. वीज गेलेल्या रात्री काटे पहाटेपर्यंत वाचता येतात.

वेळेच्या अचूकपणाबद्दल भ्रम नसावा. कंपनीच स्वतः या मशीनची मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी सांगते, तीही ५ ते ३५ अंश तापमानात. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी टेबलावर काढून ठेवलेले घड्याळ ही तापमानाची अट पाळू शकत नाही. काहीशे रुपयांचे सेलचे घड्याळ याहून कितीतरी अचूक चालते. आणि खरोखर पाण्याखाली जाणारी माणसे १९८० च्या दशकापासून हळूहळू मनगटी संगणकाकडे वळली. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, सगळे तो सांगतो. तेव्हा यांत्रिक घड्याळाच्या बाजूने अचूकपणाचा किंवा गरजेचा दावा करणे फसवे ठरेल. त्याच्या बाजूने दोनच दावे उरतात : सेल लागत नाही, हाताच्या हालचालीवर चालते आणि काढून ठेवले तरी ४१ तास चालत राहते, आणि जाणता कारागीर मिळाला तर ते पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊ शकते. हे दावे खरे आहेत आणि पुरेसे आहेत.

जुनेपणाचा रंग

आता मुख्य मुद्दा. जुने रूप म्हणजे काय?

अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मराठीत ‘रेडियम’ म्हणतात, अगदी ट्रकच्या मागच्या पट्टीलाही. घड्याळांत एकेकाळी खरोखर रेडियम असे. अमेरिकेतल्या कारखान्यांत ब्रशाचे टोक ओठांनी सारखे करत तबकड्या रंगवणाऱ्या मुली १९२० च्या दशकात त्याने आजारी पडल्या आणि मेल्या. पुढे त्याच्या जागी कमी घातक ट्रिशियम आले. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने किरणोत्सर्ग नसलेले, उजेड पिऊन चमकणारे द्रव्य तयार केले आणि आज तेच वापरले जाते. जुन्या रेडियम-ट्रिशियमच्या ठिपक्यांचा पांढरा रंग वर्षानुवर्षांत पिवळट, मग लोण्यासारखा, मग फिकट विटकरी होत जाई. नवे द्रव्य तसे म्हातारे होत नाही. म्हणून जुन्या रूपाच्या अनेक नव्या घड्याळांत ते मुद्दाम लोणी रंगात मिसळून भरतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून घड्याळ पन्नास वर्षांचे दिसते. आयुष्य न जगता आलेले हे वय आहे.

आपल्या मुंबईत याच्या नेमके उलटे काम गेली कित्येक वर्षे चालू आहे. जुनी फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी, हेन्री सँडोझ, एचएमटी ही घड्याळे गोळा करायची, मशीन पुसून चालू करायचे, केसला इतकी पॉलिश मारायची की कडा विरघळून जाव्यात, आणि डागाळलेली मूळ तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवायचा. हिरवा, नारिंगी, दोनरंगी. कंपनीने जन्मात काढले नसतील असे रंग. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुक नसते. ते ओळखणे अवघड नाही. छापील अक्षरे जाड आणि फुटलेली असतात, ओळ किंचित तिरपी असते, काटे दुसऱ्याच घड्याळाचे असतात, आणि साठ वर्षांच्या केसमध्ये तबकडी कालच्यासारखी कोरी असते.

एकीकडे नव्याला जुने करायचे, दुसरीकडे जुन्याला नवे. दोन्ही व्यवहार एकच गोष्ट लपवतात : वस्तूचे खरे वय. तरी दोघांना एका तराजूत तोलणे मला न्याय्य वाटत नाही. मुंबईच्या गल्लीतला कारागीर तबकडी रंगवतो कारण मूळ सुटे भाग मिळत नाहीत आणि गिऱ्हाइकाला स्वस्तात चकचकीत घड्याळ हवे असते. त्याचे मशीन निदान खरे जुने असते आणि त्याच्या हातामुळे ते पुन्हा चालते. त्याचा दोष एवढाच की तो रंगवलेले आहे हे सांगत नाही आणि मूळ तबकडी कायमची नष्ट करतो. युरोपातल्या मोठ्या नावांना अशी अडचण नाही. तिथे लोणी रंग ही विकत दिलेली आठवण असते, आणि तिचे वेगळे पैसे लागतात.

या कसोटीवर कासव बऱ्यापैकी उतरते. त्याचे ठिपके पांढरेच आहेत. केसचा आकार जुना, पण पाण्याची क्षमता मूळच्या १५० वरून २०० मीटरवर नेली आहे. मूळ मशीनला हाताने चावी देता येत नसे आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबवता येत नसे. नव्यात दोन्ही जमते. जुन्या घराण्यातला नवा माणूस असावा तसे ते आहे. आजोबांचे कपडे घालून आजोबा असल्याचे सोंग ते करत नाही. जुने रूप घ्यायचे तर असे घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

पाण्याला आत घेणारे घड्याळ

आपल्या मुलुखाशी सर्वांत जवळचे नाव फेवर ल्यूबा. १७३७ पर्यंत मूळ सांगणारे हे स्विस घराणे १८६५ पासून हिंदुस्थानाशी व्यापार करत होते आणि मुंबई हे त्याचे ठाणे होते. ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही त्यांची घड्याळे मराठी घरांत लग्नात, नोकरी लागल्यावर, निवृत्तीच्या सत्काराला दिली गेली. नावात समुद्र असला तरी ती पाणबुड्यांची घड्याळे नव्हती. रोजच्या वापराची, चावीची, आटोपशीर घड्याळे होती. त्याच कंपनीने १९६८ मध्ये ‘बाथी’ नावाचे मोठे घड्याळ काढले. ते वेळेबरोबर पाण्याची खोलीही काट्याने दाखवी, ५० मीटरपर्यंत. त्याच्या पाठीला छिद्रे होती. त्यांतून पाणी मागच्या कप्प्यात शिरे, तिथल्या पातळ पडद्यावर दाब देई आणि त्या पडद्याच्या हालचालीने खोलीचा काटा सरके. सगळी दुनिया पाण्याला बाहेर ठेवत असताना या घड्याळाने त्याला मोजके आत घेतले आणि कामाला लावले. घटिकापात्राची कल्पना माहीत असलेल्या वाचकाला यातले शहाणपण लगेच कळेल.

पुढे सेलच्या घड्याळांच्या लाटेत हे घराणे खचले. २०११ मध्ये टायटनने ते विकत घेतले. त्यानंतर ‘रेडर’ मालिकेत ४६ मिलीमीटरचे ‘हार्पून’ आणि ४८ मिलीमीटरचे, १२० मीटर खोली दाखवणारे ‘बाथी १२०’ निघाले. तंत्र म्हणून दुसरे घड्याळ असामान्य होते. मूळ कल्पनेला त्याने खरोखर पुढे नेले. पण ज्या देशात या नावाची आठवण शिल्लक होती, तिथली आठवण ३५ मिलीमीटरच्या आसपासच्या घड्याळाची होती. आजोबांचे ‘सी किंग’ पाहिलेल्या माणसाला ४८ मिलीमीटरमध्ये काही ओळखीचे सापडणे कठीण होते, आणि किंमतही त्याच्या घरातली नव्हती. २०२३ मध्ये चंदिगडच्या इथॉस समूहाकडे हे नाव गेले, आणि २०२४ मध्ये जिनिव्हात मांडलेली नवी घड्याळे आकाराने पुन्हा ४० मिलीमीटरच्या आसपास आली. तीही जुन्या वळणाचीच आहेत. जगातल्या सध्याच्या चवीला हे धरून असले तरी यातून एक गोष्ट स्पष्ट होते : जुने रूप कोणाच्या आठवणीतले, हा प्रश्न प्रत्येक कंपनीला पडतो. ब्लँपांकडे फ्रेंच पाणबुडे आहेत, सीकोकडे पॅसिफिकमधले कोळी आणि सैनिक आहेत. आपल्याकडच्या आठवणीत समुद्राखालचा माणूस नाही. आपल्या आठवणीत शाळामास्तर, तलाठी, रेल्वेचा गार्ड आणि सासऱ्याकडून घड्याळ मिळालेला नवरदेव आहे.

निवाडा

तेव्हा ज्याला रोज पाण्यात, चिखलात, घामात काम करायचे आहे आणि सेलच्या घड्याळाचा कंटाळा आहे, त्याने जुन्या वळणाचे मोठे घड्याळ खुशाल घ्यावे. घेताना टोकापासून टोकापर्यंतची लांबी पाहावी, कडे ओल्या हाताने फिरवून पाहावे, तबकडीवर ‘डायव्हर्स’ शब्द आहे का पाहावे, आणि झाकण उघडल्यावर दाबयंत्रावर तपासून देणारा कारागीर किती कोसांवर आहे हे विचारावे. लोणी रंगाच्या ठिपक्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. ज्याला जुनेपणाचीच ओढ आहे, त्याने मात्र दुकानात जाण्याआधी घरातले कपाट उघडावे.

बहुतेक घरांत एक बंद पडलेले एचएमटी किंवा फेवर ल्यूबा असते. ते चालू करून घ्यावे, पण तबकडी रंगवू देऊ नये. डाग पडलेले असले तरी ते त्या घरातल्या उन्हापावसाचे आहेत. मागचे झाकण उघडले की आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरे दिसतात. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी आपली खूण आणि तारीख तिथे कोरून ठेवत असे. घड्याळ कोणत्या वर्षी, किती वेळा कारागिराच्या हातून गेले, याची ती नोंद असते. एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तालुक्यातले घड्याळजी एकेक करून मोबाइलच्या दुकानांत गेले, आणि त्यांच्या कामाचे कुठे दप्तर राहिलेले नाही. जे राहिले आहे ते या झाकणांच्या आतच. ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे, घड्याळ कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले ते त्याखाली लिहून ठेवावे. पुढे कोणी भंडारा जिल्ह्यातल्या घड्याळजींचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला सुरुवात इथूनच करावी लागेल.